मामा जेवायला बसले

मामांना सख्खा भाचा एकही नव्हता. तरी कारखान्यातली साडेचारशे माणसं त्यांना मामा म्हणायची, ती केवळ सोयीसाठी. त्यांच्या आधी कँटीन सांभाळायचे ते गृहस्थ काका होते. काका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी सव्वीस वर्षांचा हा मुलगा आला. यालाही काका म्हटलं तर कोणत्या काकांनी काय सांगितलं होतं याचा गोंधळ उडेल, म्हणून कोणीतरी मामा ठरवून टाकलं. पन्नाशीतले फिटर "मामा, जरा रस्सा इकडे" म्हणायचे आणि मामाही "आलो रे बाळांनो" म्हणत पातेलं घेऊन जायचे. दोन वर्षांनी त्यांचं लग्न झालं, आणि वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलाशी बसणारी एक शांत मुलगी, तिला काही कळायच्या आत, साडेचारशे जणांची मामी होऊन गेली.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मामांच्या हातून एक चूक झाली होती. दुपारी बाराला पोटात कावळे ओरडायला लागले म्हणून ते सगळ्यांच्या आधी ताट वाढून घेऊन बसले. आरामात जेवले, वर थोडा भातही घेतला. त्या दिवशी भट्टीवरची शेवटची अकरा माणसं आली तेव्हा भाताचं पातेलं रिकामं होतं. एकेक जण पातेल्यात नुसता डोकावून गेला. कोणी दोन शिव्या दिल्या असत्या तर मामा त्या विसरलेही असते. ते डोकावणं मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून मामा सगळ्यांच्या शेवटी, उभ्यानं, पातेल्याच्या काठाशी चार घास खायला लागले ते चौतीस वर्षं तसेच.

घरीही तीच तऱ्हा. मामी आणि लेक टेबलाशी, मामा शेगडीशी.

"अहो, बसा ना आता."

"तुमचं होऊ द्या."

हे "तुमचं होऊ द्या" लेकीला बोलायला येण्याआधी कळायला लागलं होतं. स्वतःच्या लग्नाच्या जेवणातसुद्धा मामा दुसऱ्या वाढीला उठून आत गेले ते थेट पाहुण्यांचे हात धुऊन झाल्यावर बाहेर आले. निवृत्तीनंतर तरी हा माणूस बसेल, असं मामींना वाटलं होतं. कसलं काय. घरात दोनच माणसं उरली, तर मामा दोघांतले शेवटचे झाले.

तर असा हा संसार चाळीस वर्षांचा झाला आणि लेक-जावयांनी दोघांना सात दिवसांच्या क्रूझवर नेलं.

"बाबा, सात दिवस तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही," लेकीनं जहाजावर चढतानाच बजावलं.

"काहीच नाही?" मामांनी विचारलं. चेहरा असा, की डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय.

जहाजावर जेवणाचा मोठा हॉल होता. हजारेक माणसं एका वेळी हातात ताटल्या घेऊन फिरत होती आणि ज्याला जे हवं ते उचलत होती. मामांनी पहिल्या दुपारी दारातच उभं राहून हे पाहिलं आणि त्यांचा जीव खालीवर झाला. एवढी माणसं आणि रांग नाही. सूपच्या भांड्यात भाजीचा डाव. एका कोपऱ्यात चमचे संपलेले आणि कोणाला पत्ता नाही. मामा "आलोच" म्हणून गर्दीत शिरले. दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत सूपला सुपाचा डाव मिळाला होता, पावापाशी रांग लागली होती, आणि तीन वेगवेगळ्या प्रवाशांनी मामांना कर्मचारी समजून पाणी मागितलं होतं. मामांनी ते आणूनही दिलं. एका बाईंनी तर जाताना कौतुकानं त्यांची पाठ थोपटली.

मामी या सगळ्या वेळात एका रिकाम्या खुर्चीसमोर बसून जेवल्या. खुर्ची कोणी नेऊ नये म्हणून तिच्यावर मामांच्या चष्म्याची डबी ठेवलेली. दुसऱ्या रात्री त्यांनी लेकीला बाजूला घेतलं.

"वरच्या मजल्यावर ते छोटं हॉटेल आहे म्हणतात ना?"

"चोवीस खुर्च्यांचं? आई, तिथं आधी नाव द्यावं लागतं. आणि प्रत्येक जोडप्याला अख्ख्या प्रवासात एकदाच."

"तिथं उठून काही घ्यावं लागतं का?"

"छे, सगळं टेबलावर आणून देतात. तुम्ही नुसतं बसायचं."

"मग नाव दे."

संध्याकाळच्या जागा भरलेल्या होत्या. चौथ्या दिवशीची, दुपारी साडेबाराची मिळाली. त्या दिवशी अकरा वाजता केबिनमध्ये मामींनी मामांना पलंगावर बसवलं आणि स्वतः समोर उभ्या राहिल्या. या संसारात असं उलटं दृश्य क्वचितच दिसे.

"पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत. माझ्यासमोर. उठायचं नाही."

"हात धुवायला?"

"आधी धुवा."

"आणि आग लागली तर?"

"आग लागली तर मी सांगेन."

मामांनी जरा वेळ पायातल्या मोज्यांकडे पाहिलं. "आणि चुकून उठलो, तर?"

"तर काही नाही," मामी म्हणाल्या. "परत कधी बसा म्हणणार नाही."

आवाजात राग असता तर मामांना बरं वाटलं असतं. रागाची त्यांना सवय होती. हे मात्र वाचनालयाच्या टेबलावरून बोलल्यासारखं होतं. पुस्तक वेळेत आलं नाही तर कार्ड बंद, इतकं सरळ. चाळीस वर्षं रोज दोनदा "बसा" म्हणणारं माणूस उद्यापासून म्हणेनासं झालं तर कसं वाटेल, हे मामांनी मनात करून पाहिलं. करून पाहायला नको होतं असं त्यांना वाटलं.

छोटं हॉटेल खरंच छोटं होतं. बारा टेबलं, प्रत्येकाशी दोन खुर्च्या, पायांखाली चमचा पडला तरी आवाज होणार नाही असा गालिचा. मामा-मामींचं टेबल खिडकीशी होतं. बाहेर समुद्र उन्हात चकाकत होता, पण मामांची खुर्ची नेमकी अशी होती की समुद्राकडे पाठ आणि स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराकडे तोंड. मामींना हे बसल्यावर लक्षात आलं. त्यांनी जागा बदलायला सांगितली असती, पण त्यासाठी मामांना उठावं लागलं असतं.

वाढायला एक चाळिशीतली बाई होती, केस घट्ट बांधलेले, चालणं अगदी बिनआवाजी. तिनं दोघांपुढे एकेक कार्ड ठेवलं. मामी पर्समध्ये चष्मा शोधायला लागल्या. मामांना कार्ड वाचायची गरज वाटली नाही. जे येईल ते येईल.

आलं ते असं. कढईएवढ्या पांढऱ्या ताटलीत मधोमध बिटाचा एक लाल घास आणि त्यावर हिरवं एक पान.

मामांचा चेहरा उजळला. कारखान्यात रोज पावणेबाराला मुख्य आचारी त्यांच्यापुढे अशीच बशी धरायचा. प्रत्येक पदार्थाचा एकेक चमचा. मामा चाखायचे, मीठ-तिखट सांगायचे आणि मग म्हणायचे, "सोडा." मामांनी "सोडा" म्हटल्याशिवाय साडेचारशे ताटांत काही पडत नसे. चौतीस वर्षं ते हे करत आले होते, आणि आज आठ वर्षांनी कोणीतरी अदबीनं त्यांच्यापुढे पुन्हा बशी ठेवली होती. यांना कळलं कसं, एवढंच त्यांना नवल वाटलं. खालच्या हॉलमधल्या डाव-चमच्यांच्या कामगिरीची बातमी वर पोचली असावी.

त्यांनी घास तोंडात घातला, डोळे मिटले.

"उत्तम. मीठ एक चिमूट वाढवायला हरकत नाही. सोडा."

"आवडलं ना?" बाई म्हणाली.

"सोडा, सोडा. आणि हिचंही न्या, चव तीच असणार."

मामींचा चष्मा डोळ्यांवर चढेपर्यंत त्यांच्यापुढची ताटली गेलेली होती.

"अहो, माझं होतं ते."

"नमुना होता. आता येईल जेवण."

मग आलं एक मशरूम. एकच, पण उभं, आणि भोवती पिवळ्या रसाचं वर्तुळ. मामा खूश झाले. म्हणजे इथे प्रत्येक पदार्थ वेगळा तपासून घेतात. याला म्हणतात शिस्त. त्यांनी अर्धं चाखलं, रसाची बोटानं चव घेतली, मान डोलावली आणि दोन्ही ताटल्या स्वतःच बाईच्या हातात दिल्या. या वेळी मामींच्या लक्षात सगळा प्रकार आला होता. त्या मुद्दामच बोलल्या नाहीत. हा गृहस्थ किती पुढे जातो ते त्यांना पाहायचं होतं. तिसऱ्या खेपेला इवल्याशा कपात सूप आलं तेव्हा मात्र त्यांनी आपला कप दोन्ही हातांनी धरून ठेवला.

मामांनी घोटभर घेतलं आणि जरा पुढे वाकले. "बाई, रागावू नका. नमुने एकदम छान आहेत. पण एक वाजायला आला. लोकांचं जेवण कधी सुरू करताय?"

बाईनं एकदा मामींकडे पाहिलं. मामी सुपात पाहत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

"जेवण सुरूच आहे," बाई हळूच म्हणाली. "सातांपैकी हे तिसरं."

"म्हणजे ते बीट?"

"पहिलं."

"पूर्ण?"

"पूर्ण."

मामांनी कार्ड उलटं धरून वाचलं, मग सुलटं करून वाचलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या बिटासारख्या झाल्या. "आणि मी हिचं परत पाठवलं. दोन्ही."

"मामांनी सोडा म्हटलं की सोडायचंच," मामी म्हणाल्या. "माझी काही तक्रार नाही. दोन पदार्थ नुसते दुरून पाहिले. तुमच्या हाताखाली साडेचारशे लोक कसे जगले हे आज कळलं."

बाई गेली आणि पाचच मिनिटांत एक बीट आणि एक मशरूम मामींपुढे परत आलं. मीठ एक चिमूट वाढवलेलं. मामांना ते लगेच कळलं असतं, पण मामींनी चाखायला दिलं नाही.

इथपर्यंत मामा बसले होते ते आनंदात. आता मात्र खरी परीक्षा लागली. ते झुलतं दार. दाराआड कुठेतरी छोटी घंटा वाजायची, म्हणजे ताटली तयार. मग कोणीतरी ती उचलायचं. एकदा घंटा वाजली आणि कोणी आलंच नाही. मामांनी मनात वीसपर्यंत आकडे मोजले. गरम पदार्थ. वाफ जातेय. पंचवीस. वरची साय धरली असणार. टेबल थरथरायला लागलं.

"बसा," मामी म्हणाल्या.

"बसलोच आहे."

"गुडघे उठलेत."

मामांनी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले. जहाजाचं इंजिन बंद झाल्यासारखं टेबल शांत झालं.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरच्या एका आजोबांचा काटा खाली पडला. गालिच्यावर आवाज झाला नाही, पण मामांना तो ऐकू आला. आजोबा इकडेतिकडे बघायला लागले. वाढणारी बाई आत होती. मामांच्या अंगातला कण न् कण त्या काट्याकडे निघाला. खुर्ची आणि मामा यांच्यात चांगलं चार बोटं अंतर पडलं.

मामींनी हातातला चमचा खाली ठेवला. नुसतं खिडकीबाहेर पाहिलं, एखादी बस चुकल्यावर माणूस रस्त्याकडे पाहतो तसं.

मामा अधांतरी तसेच राहिले. मग त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली, टेबलाकडे ओढली आणि तिच्यावर धप्पकन बसले.

"ते उठणं नव्हतं."

"मग काय होतं?"

"खुर्ची पुढे घेतली."

मामींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. पुस्तकाचं पान फाटलेलं आहे, पण वाचकानं फाडलंय की आधीच फाटलेलं होतं, अशा वेळी त्या वाचनालयात असंच बघायच्या. मग त्यांनी चमचा उचलला. "बरं. पुढे घेतली तर घेतली."

आजोबांना काटा कोणीतरी आणून दिला. मामांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. मासा आला, तो मामांनी गुपचूप खाल्ला. मग पाचवा पदार्थ आला, भाजलेल्या मांसाचे दोन काप आणि कडक पावाचा तुकडा.

आणि मामींना, चाळीस वर्षांत प्रथमच, आपला नवरा समोर बसून जेवताना दिसला.

त्यांनी तो नीट बघून घ्यायचं ठरवलं होतं. घास किती मोठा घेतो, आधी काय संपवतो, पाणी मधे पितो की शेवटी. जावई कसा जेवतो ते त्यांना माहीत होतं. वाचनालयातला शिपाई डबा कसा खायचा तेही माहीत होतं. हे माहीत नव्हतं. त्या बघत राहिल्या, आणि बघता बघता त्यांच्या कपाळावर आठी पडली. मामा घास उजव्या गालात ढकलत होते. प्रत्येक घास. पाव त्यांनी आधी पाण्यात बुडवला, इकडेतिकडे पाहिलं, आणि मग तोही उजवीकडे सरकवला.

"डावीकडे काय झालंय?"

"कुठे डावीकडे?"

"तोंडात."

"काही नाही."

"मग एक घास डावीकडून चावा."

मामांनी पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पाणी प्यायले. पेल्याच्या काचेतून त्यांचा एक डोळा मोठा दिसत होता.

"दाढ आहे एक," शेवटी ते म्हणाले. "अधूनमधून ठणकते."

"कधीपासून?"

"झाले असतील थोडे दिवस."

"अहो."

"दोनेक वर्षं."

मामींनी काटा-चमचा दोन्ही खाली ठेवलं. "म्हणजे दोन वर्षं तुम्ही शेगडीशी उभे राहून पाव रश्शात भिजवून खाताय. आणि मला वाटतंय, सवय आहे माणसाची."

"सवय होतीच. तिचा उपयोग झाला."

"कारखान्यात कोणाचा गाल सुजला तर हाताला धरून दवाखान्यात नेत होता तुम्ही."

"ती दुसऱ्याची दाढ होती," मामा म्हणाले. "दुसऱ्याची काढताना मी कधी घाबरलो नाही."

मामी हसल्या, पण हसू पुरतं आलं नाही. "समोर बसला असतात तर पहिल्या दिवशी दिसलं असतं मला."

"म्हणून तर," मामा म्हणाले आणि तिथंच थांबले.

मामींनी आपल्या ताटलीतल्या मऊ भाज्या मामांच्या ताटलीत सारल्या आणि त्यांचे मांसाचे काप स्वतःकडे घेतले. मामांनी दिले. ठणकतंय कुठे, वरची की खालची, थंडानं की गरमानं, हे सगळं मामींनी विचारून घेतलं आणि घरी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाला दाताच्या डॉक्टरकडे जायचं हेही सांगून टाकलं. "मी बाहेर बसेन. तुम्ही आत बसायचं. तिथंही उठायचं नाही." मामा हो म्हणाले. माणूस बसून जेवायला लागला की त्याला कोणत्याही गोष्टीला हो म्हणावं लागतं, असं त्यांना त्या क्षणी वाटलं.

सहावा पदार्थ कधी आला आणि गेला ते दोघांनाही नंतर आठवलं नाही. सातवी होती मऊ शिजवलेली नाशपाती. ती खाता खाता मामी एकदम म्हणाल्या, "तुमच्याशी एक बोलायचं राहिलंय."

"बोल की."

"जुनं आहे. एकतीस वर्षं झाली."

मामांनी चमचा तसाच हातात ठेवला.

"मी एका माणसाला वाचनालयात कोंडलं होतं. तपासणीला आलेले मोठे साहेब. आतल्या खोलीत जुने अंक बघत बसले होते. मी सहाला कुलूप लावलं आणि घरी आले. जेवताना दुसऱ्या घासाला आठवलं."

"मला कसं नाही सांगितलंस?"

"सांगत होते. तुम्ही शेगडीशी होता. अहो, जरा ऐका म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, तुमचं होऊ द्या आधी."

असं आपण म्हणालो असणार यात मामांना तिळमात्र शंका नव्हती.

"मग मी ताट झाकलं, लेकीला शेजारी ठेवलं आणि एकटी परत गेले. कुलूप उघडलं तर आत अंधार, आणि साहेब..."

इथे झुलतं दार उघडलं. बाकीची अकरा टेबलं केव्हाच मोकळी झाली होती. तीन वाजून गेले होते. वाढणारी बाई आणि तिचा एक सोबती संध्याकाळच्या पंगतीसाठी नव्या चादरी घेऊन आले आणि एकेका टेबलावर अंथरायला लागले. मामांना यातली खूण न् खूण ठाऊक होती. कोपऱ्यातल्या टेबलापासून सुरुवात करून हळूहळू बसलेल्या गिऱ्हाइकाकडे सरकत यायचं. मग खुर्च्या जरा जास्त सारख्या करायच्या. मग शेजारी येऊन, हातात घडी केलेली चादर धरून, तोंडावर हसू ठेवून उभं राहायचं. जेवण झाल्यावर बोलत बसणाऱ्या माणसाइतका राग मामांना जगात दुसऱ्या कशाचा आला नव्हता. अशा माणसामुळे भांडी घासणाऱ्यांना घरी जायला उशीर होतो, हे ते नव्या कामगारांना पहिल्याच दिवशी ऐकवायचे. "जेवलात, हात धुवा, निघा."

बाई आता शेजारच्या टेबलापर्यंत आली होती. तिनं चादर अंथरली, सुरकुती काढली, आणि शेवटची घडी हातावर घेऊन उभी राहिली. तोंडावर हसू होतं. तेच हसू, चौतीस वर्षं मामांनी दुसऱ्यांना दाखवलेलं.

मामी थांबल्या. "त्यांना आवरायचंय. खोलीत गेल्यावर सांगते."

आत कोणीतरी भांडी वाजवली. शेवटचा घास केव्हाच संपला होता. ठरल्याप्रमाणे ते आता उठायला मोकळे होते.

त्यांनी बाईकडे पाहिलं, शरमेनं मान खाली घातली आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला त्रास होतोय मला माहीत आहे. दोन कप चहा मिळेल का?"

मग त्यांनी खुर्ची आणखी पुढे घेतली.

"हां. अंधार होता. मग? साहेब काय करत होते?"